आतल्या बाजूच्या खुणा

नगरच्या गवंडी साहाय्यक मंडळाचं कुणी नाव काढलं, की केडगावचे जालिंदर मिस्त्री चहा अर्धा टाकून उठायचे. सत्तरी उलटली तरी हे खूळ गेलं नव्हतं. मंडळ तसं चांगलं, शंभर वर्षांहून जुनं. गवंडी आजारी पडला तर त्याच्या घरी धान्य पोचवायचं, तो गेला तर लेकरांना हत्यारं द्यायची, हे काम त्यानं दुष्काळातसुद्धा सोडलं नव्हतं.

मग राग कशाचा? जालिंदर लहान असताना त्यांचे वडील अजिनाथ परांचीवरून पडले आणि अंथरुणाला खिळले. तेव्हापासून दर महिन्याला मंडळाचं ज्वारीचं पोतं घरी येऊ लागलं. ही भीक नाही, मी मंडळाचा सभासद आहे, असं अजिनाथ मरेपर्यंत सांगत राहिले. पुढं जालिंदर मिस्त्री झाले आणि हौसेनं सभासद व्हायला गेले, तर तिथल्या एका जाणत्यानं जुनी यादीच पुढ्यात ठेवली. यादीत अजिनाथचं नाव नव्हतं. तुमच्या लोकांना तेव्हा कोण घेत होतं, दयेनं दिलं असेल, असं तो वर म्हणाला. जालिंदर आल्या पावली परत फिरले. बाप खोटा की यादी खोटी, हा काटा तेव्हापासून रुतून बसला होता.

मंडळाची रीत मात्र भलतीच होती. सभासद होताना प्रत्येकानं एक काळा दगड घडवायचा, त्यावर आपली खूण कोरायची आणि तो मंडळाच्या आवारभिंतीत बसवायचा. खूण अशासाठी, की लिहिता येणारे थोडेच होते. आणि ती खूण ठेवायची आतल्या बाजूला, चुन्यात झाकून. बाहेरून सगळे दगड सारखे, हा माझा आणि तो तुझा म्हणायची सोयच नाही. म्हणजे मंडळाचं खरं दप्तर भिंतीत, आणि भिंत उतरवल्याशिवाय ते वाचता येणार नाही. असला उद्योग गवंड्यांनाच सुचायचा.

यंदा रस्तारुंदीत ती भिंत उतरवून मागं सरकवायची ठरली. जालिंदरांची लेक यशोधरा हट्टाला पेटली. एकदा डोळ्यांनी बघून या, नसली आजोबांची खूण तर नसली, तिनं बापाला सुनावलं आणि स्कूटीवर मागं बसवून घेऊनच गेली. जालिंदर वाटभर कुरकुरले, पण उतरले नाहीत.

आवारात पोचले आणि त्यांनी चपला काढल्या. का काढल्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं. घासून स्वच्छ केलेले दगड उन्हात ओळीनं मांडले होते, आणि लावल्या दिवसापासून अंधारात असलेल्या खुणा आभाळाकडं तोंड करून पडल्या होत्या. मासा, विळा, चंद्रकोर, कणीस, उघडा पंजा. टाकीचा एकेक घाव कालचा वाटावा इतका ताजा. ही सगळी माणसं मेलेली, पण जालिंदरांना घाव बघून कळत होतं, की हा डावखुरा होता, ह्याचा हात थरथरत होता, ह्यानं घाई केली. एवढ्या माणसांच्या मधून ते पाय जपून टाकत चालले. बोलायचं झालं तरी ते हळू आवाजात बोलू लागले.

मंडळाचं दप्तर सांभाळणाऱ्या भार्गवीताई प्रत्येक खूण जुन्या यादीतल्या खुणेशी ताडून बघत होत्या. काही दगडांनी त्यांना पेचात टाकलं होतं. त्यांच्यावर दोन खुणा होत्या, मागच्या अंगाला एक आणि लगतच्या कुशीला दुसरी. पहिली यादीत सापडे, दुसरी कुठंच नाही. दगड चुकला असेल आणि दुसऱ्यानं वापरला असेल, असा त्यांचा तर्क होता.

जालिंदर असल्या एका दगडापाशी थबकले. मागच्या अंगाला मासा होता, यादीप्रमाणे कासम मिस्त्री नावाच्या जुन्या सभासदाचा. कुशीला दोन आडव्या रेघा आणि खाली टिंब. बापानं घडवलेल्या घरच्या पाट्याच्या बुडाला हीच खूण होती, लहानपणी त्यांनी शंभरदा तिच्यावरून बोट फिरवलं होतं. त्यांनी वाकून पुन्हा तसंच बोट फिरवलं.

"ताई, ही माझ्या बापाची खूण हाय," ते म्हणाले. "चुकून न्हाई पडली. मोजून काढलीया."

भार्गवीताई आत गेल्या आणि कासम मिस्त्रींचा हिशेब काढून आल्या. एक गोष्ट त्यांना कित्येक वर्षं छळत होती. कासमसारखे काही सभासद वर्गणी दुप्पट भरायचे आणि अडचणीत धान्यही दुप्पट उचलायचे. ही वशिलेबाजी असणार, असं त्या समजून चालल्या होत्या. आता त्यांनी पान उघडलं आणि दगडाकडं बघितलं.

"मिस्त्री, तुमच्या वडिलांचं नाव सभेत वाचलं असतं तर लोकांनी अडवलं असतं. म्हणून कासमनं आपला अर्धा दगड तुमच्या वडिलांना दिला. वर्गणी तुमचे वडीलच भरत होते, त्याच्या नावावर."

आणि हा एकटा दगड नव्हता. यशोधरा ओळींमधून फिरत दोन खुणांचे दगड दाखवत गेली, इथं एक, तिथं एक, पार टोकापर्यंत. ज्यांना दारातून घेता आलं नाही, त्यांना गवंड्यांनी भिंतीतून आत घेतलं होतं, आणि इतक्या जणांमधल्या एकानंही हे कधी फोडलं नव्हतं.

नव्या भिंतीत हे दगड कसे लावायचे, भार्गवीताईंनी विचारलं. रीत तर खूण आत ठेवायची.

"हे फाटकाच्या खांबांला लावा, कोपऱ्यावर," जालिंदर म्हणाले. "म्हंजी दोनी अंगं भायेर राहत्याल. लई वर्सं भितीकडं त्वांड करून हुबे हुते बिचारे."

मग त्यांनी दगडाच्या कडेवर तळवा ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. कासमची आणि आजोबांची खूण एका पंजाखाली मावते, हे यशोधरा बघत राहिली. बापाचा जीव हलका झाला असेल असं वाटून ती हसत जवळ गेली, तर ते रडत होते.

"ती जवारी आपल्या हक्काची हुती, यशे," ते म्हणाले. "माझी आई भिकेची म्हनून कवाच तिची भाकर खाईना. आमाला वाढायची आन् आपुन पानी पिऊन निजायची."