बेटावरचं गाव

आमच्या सासूबाई मालनबाई हट्टाला पेटल्या की देवाचंही ऐकायच्या नाहीत. धरणात जुनं गाव बुडालं तेव्हा त्या खूप रडल्या म्हणे. चार वर्षांनी, अठ्ठ्याहत्तर साली, नामांतराच्या दंगलीत नव्या गावठाणातलं त्यांचं घर जाळलं. गावातलं एकही माणूस मध्ये पडलं नाही. तेव्हा मात्र त्या रडल्या नाहीत. मुलाला घेऊन औरंगाबादला आल्या आणि म्हणाल्या, "त्या गावच्या मान्साचं तोंड बघायचं नाय आता." नऊ वर्षं त्यांनी गावाचं नावही काढलं नाही.

त्यांचा मुलगा कडुबा, म्हणजे आमचे हे, वाळूजच्या कारखान्यात कामाला. जानेवारीत कंपनीनं कामगारांची घरच्यांसकट सहल काढली. पैठणपर्यंत बस, तिथून लाँचनं नाथसागरातल्या एका बेटावर बाग बघायला. ते बेट कुठलं हे यांना पक्कं ठाऊक होतं. आईला सांगायची छाती नव्हती आणि बायकोला काही सांगायचं असतं हे यांना अजून कुणी शिकवलेलंच नाही.

लाँच चालवणारे मुख्तारभाई बोलके निघाले. अर्ध्या पाण्यात आल्यावर त्यांनी हात केला. "वो टेकाड दिसतंय ना, बुडलेल्या गावाचंच आहे. बाकी गाव सगळं नीचे, पाण्यात. म्हाळसाबाई धनगरीण मेंढ्या घेऊन वरच राहिली. पाणी चढायच्या आधी हर एक घराच्या दारातलं झाड लाके लगायी तिनं."

सासूबाईंनी मांडीवरचा डबा खाली ठेवला. "कडुबा, मला फशिवलंस तू," एवढंच बोलल्या. हे पाण्याकडं बघत राहिले.

बेट आलं, सगळे उतरले. सासूबाई बाकड्याला धरून बसल्या. मीही त्यांच्यापाशी बसले. नवऱ्याचा राग आला होता, तो कुठंतरी दाखवायला हवाच होता.

काठावर सत्तरीची एक काटक बाई आली आणि पाहुण्यांना बाग दाखवायला लागली. बाग गावासारखीच मांडलेली होती, गल्ल्यांसकट. "ही पाटलाच्या दारची जास्वंद. ही मोमीनाची मेंदी. ही सुताराची तगर."

"तगर न्हाव्याची," सासूबाई पुटपुटल्या. मग राहवेना, तशा मोठ्यानं म्हणाल्या, "म्हाळसा, तगर न्हाव्याची व्हती. सुताराकडं कन्हेर."

म्हाळसाबाई वळली. डोळ्यांवर हात धरून बघत राहिली. "मालन? मालन हायस व्हय तू?"

सासूबाई बाकड्यावरूनच म्हणाल्या, "आमचं झाड कुटं लावलंस?"

"लावलंय की. ये, दावते."

आणि सासूबाई उतरल्या. माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

आम्ही जास्वंद ओलांडली, मेंदी ओलांडली. मध्ये चावडीची जागा मोकळी ठेवली होती, लोकांना बसायला. पुढं बाग संपली. मग एक चर आला, चराच्या पलीकडं उतारावर खडक, आणि तिथं एकटा शेवगा. झाड चांगलं भरलेलं होतं, शेंगा लोंबत होत्या. पण बागेतली पायवाट चराशीच थांबत होती.

मला आधी कळलंच नाही. सासूबाईंचा चेहरा बघितला तेव्हा कळलं, हेच आमचं झाड.

"म्हाळसा," त्या सावकाश म्हणाल्या, "गाव बुडालं, तरी वेस राखलीस तू."

म्हाळसाबाई गोंधळली. "जसं व्हतं तसं लावलं गं. इसरू नाय म्हनून." बोलता बोलता तिची नजर चरावर गेली आणि तिथंच अडकली. तेरा वर्षं रोज पाणी घालत होती ती, त्या चरावरून उडी मारून. तिच्या ते कधी मनातच आलं नव्हतं. मला तिचा राग आला आणि कीवही आली.

"कुऱ्हाड दे," सासूबाई म्हणाल्या.

हे पुढं झाले. "आई, झाड कशाला तोडती?"

"गप. आधी फशिवलंस, आता शिकिवतो."

म्हाळसाबाईनं कुऱ्हाड दिली. सासूबाईंनी झाडाकडं नीट बघून मनगटाएवढी एकच फांदी उतरवली. खांद्यावर घेतली, चर ओलांडला आणि थेट चावडीच्या मोकळ्या जागेत येऊन उभ्या राहिल्या. "इथं खड्डा घे."

 म्हाळसाबाईनं इकडंतिकडं बघितलं, कुणाची तरी परवानगी घ्यायची असल्यासारखं. कंपनीतली माणसंही भोवती जमली होती. त्यांतले दोघे-तिघे त्याच तालुक्यातले होते, त्यांनी माना खाली घातल्या.

"कुनाला इचारतीस?" सासूबाई म्हणाल्या. "इचारनारे समदे गेले. आता तू हायस आन मी."

म्हाळसाबाई खाली बसली. स्वतःच्या हातानं खड्डा घेतला, फांदी उभी केली, माती दाबली. मग घरातनं आपला प्यायच्या पाण्याचा तांब्या आणला. निम्मं पाणी बुडाशी ओतलं आणि उरलेलं सासूबाईंपुढं धरलं. त्यांनी तांब्या घेतला, उभ्यानंच घटाघटा प्याल्या. माझे डोळे भरून आले, ते मी लपवलेही नाहीत.

परतताना लाँच सुटली तरी म्हाळसाबाई काठावरच होती. सासूबाई बाकड्यावर बसल्या. मग एकदम उठल्या आणि पाण्यावरनं हाक मारली, "रोज पानी घाल त्याला. मी येनार हाय बघायला."