तियानदादांची ओळ

तियानदादांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पडद्याला जवळजवळ नाक लावून ते ओळी चाळू लागले. त्यांच्या पाठीमागच्या टेबलावर चिंगयुनने चहाचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला. तिच्या डोक्यावरची ट्यूब कित्येक दिवस लुकलुकत होती. तिने टोपी भुवयांपर्यंत ओढली.

चीनमधल्या ग्वेयांग शहरातल्या त्यांच्या कंपनीची रीत होती: माहितीचा गठ्ठा विकण्याआधी, तो ज्याने बांधला नाही अशा कुणीतरी त्यात ओळखीचं माणूस शोधायचं. सापडलं तर विक्री थांबते. हा गठ्ठा औषधदुकानांचा होता, गिऱ्हाईक विमा कंपनी. नावं चिंगयुननेच पुसली होती. वय, गल्ली आणि औषध मात्र विमावाल्यांना हवंच होतं. तिच्या गल्लीत, तिच्या वयाची, दरमहा फिटच्या गोळ्या घेणारी एकच बाई होती. हे सांगायचं तर ती बाई कोण, तेही सांगावं लागलं असतं. तिला फिट येतात, हे ऑफिसात कुणालाच ठाऊक नव्हतं.

तियानदादांचं बोट एका ओळीवर थांबलं. मग ते भराभर खालच्या ओळींवर सरकलं.

"गठ्ठा जाणार नाही. माणूस सापडलं."

"दादा, संध्याकाळी द्यायचाय तो!" वेनसाहेब उठलेच. "कोण सापडलं? लावा भिंतीवर. पुरावा लागतो."

चिंगयुनने टेबलाची कड घट्ट धरली.

भिंतीवरच्या पडद्यावर ओळ उमटली. पुरुष, अठ्ठावन्न, नदीकाठची गल्ली. मूळव्याधीचं मलम.

"मीच तो," तियानदादा म्हणाले.

ऑफिस खदखदून हसलं.

"म्हणून दादा मीटिंगला उभे असतात होय!"

"आणि आम्हाला वाटायचं, शिस्त!"

"हसा लेको. उद्या विमावाले तुमच्यावर हसतील."

वेनसाहेबांनी हसू गिळलं. "चिंगयुन, गल्ल्या काढ, नुसता विभाग ठेव. वयांचे मोठे गट कर. गिऱ्हाइकाला मी थांबवतो."

काम संपल्यावर तिने स्वतःला शोधून पाहिलं. ती आता पुष्कळ बायकांत मिसळून गेली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बाहेरून आली तेव्हा तियानदादा शिडी कोपऱ्यात ठेवत होते. तिच्या टेबलावर स्थिर, पांढरा उजेड पडला होता. मग टोपी काढून तिने हातातला आंबट सुपातल्या शेवयांचा डबा त्यांच्यापुढे ठेवला.

"तिखट नाही ना घातलंस? माझं दुखणं आता अख्ख्या ऑफिसला माहीत आहे."

"नाही घातलं." तिने वर पाहिलं. "दादा, ट्यूब तुम्ही बदललीत?"

"लुकलुकायची. माझ्या डोळ्यांना त्रास व्हायचा."

ते खुर्चीत बसले, नेहमीसारखे, ट्यूबकडे पाठ करून.