पाळीची जाहिरात

केडगावच्या इंद्रजीतनं नोकरी सोडली तेव्हा त्याच्याकडं स्वतः लिहिलेलं एक सॉफ्टवेअर होतं, आणि ते चांगलं होतं. कुरकुंभच्या एमआयडीसीत कारखान्यांना माणसं पुरवणारे त्याचे दत्तामामा सकाळी ते उघडल्याशिवाय चहासुद्धा घेत नसत.

मामांचं जुनं दुखणं शिफ्टचं. केमिकलच्या प्लांटमध्ये जागा रिकामी ठेवून चालत नाही. एखादा गडी फोन बंद करून झोपला, की मामांना मोटारसायकल काढून दुसऱ्या कुणाच्या तरी दारात उभं राहावं लागे. इंद्रजीत तेव्हा पुण्यातल्या एका कंपनीत प्रोग्रामर होता, रोज शटल रेल्वेनं जाऊन-येऊन करायचा. सुट्टीच्या दिवशी बसून त्यानं मामांसाठी प्रोग्राम लिहिला. कोण कुठल्या शिफ्टला, कुणाची रजा, एखादा आला नाही तर त्याच्या जागी कोण, हे सगळं तो प्रोग्राम लावायचा आणि ज्याच्या त्याच्या मोबाइलवर मेसेज टाकायचा. मामांची पळापळ थांबली.

"आरं इंद्रा, हे इक की!" मामा म्हणाले. "माझ्यासारखं किती ठेकेदार हायेत नुसत्या ह्या सोलापूर रोडला!"

इंद्रजीतलाही तसंच वाटत होतं. त्यानं राजीनामा दिला, घरातल्या पुढच्या खोलीत टेबल मांडलं आणि झकास इंग्रजीत वेबसाइट बनवली. मग गिऱ्हाइकाची वाट बघत बसला.

गिऱ्हाईक आलं नाही. मग त्यानं प्रोग्रामरला जे येतं तेच केलं. सॉफ्टवेअरमध्ये आणखी गोष्टी घातल्या. गेटपास घातला, हजेरीचे रंगीत तक्ते घातले, चेहरा बघून हजेरी लावायची सोय घातली. तरीही कुणी फिरकलं नाही. वडील म्हस्कूआप्पा कधी काही बोलले नाहीत, पण एकदा उसाला पाणी देऊन आल्यावर दारातच थांबले आणि म्हणाले, "बाजारात मेंढरू नेलं तर गिऱ्हाईक बघायला येतंय. तू घरात बांधून ठेवलंयस व्हय?"

ते त्याला लागलं. दुसऱ्याच दिवशी तो चौफुल्यावरून न्हावऱ्याच्या रस्त्यानं शिरूरला निघाला, थोरल्या बहिणीकडं.

मोनिकाताईचं शिरूरमध्ये साड्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक गाळा. पण रोज दुपारी ती मोबाइल स्टँडला लावून लाइव्ह यायची आणि तिच्या साड्या पार नांदेडपर्यंत जायच्या. इंद्रजीत कोपऱ्यात गठ्ठ्यावर बसून बघत राहिला. ताईनं एक मोरपंखी साडी उचलली, पाण्याच्या बादलीत बुडवली, पिळली आणि पांढऱ्या टॉवेलवर दाबली.

"बघा, टॉवेलला रंग लागला का? न्हाई ना? सासूबाईंचा पांढरा परकर एकत्र धुतला तरी घरात भांडण व्हणार न्हाई."

ऑर्डरी यायला लागल्या. लाइव्ह संपल्यावर ती वळली. "आता तुझं सांग. तुझं ते काय करतं?"

"वर्कफोर्स शेड्युलिंगचा पूर्ण प्लॅटफॉर्म आहे. क्लाउडवर चालतो, त्यात..."

"थांब. मला झोप यायला लागली." ताई बाटलीतलं पाणी प्यायली. "घेणाऱ्याच्या डोक्याला कसला ताप हाय आन् तो कसा जातो, एवढं सांगायचं. आन् मराठीत सांग बाबा. तुझं गिऱ्हाईक कुरकुंभात हाय का अमेरिकेत?"

इंद्रजीत परतीच्या वाटेवर हेच घोकत आला. मराठीत. एका वाक्यात. डोक्याचा ताप. घरी पोचेपर्यंत त्याला नावही सुचलं होतं. शिफ्टला शुद्ध मराठी शब्द आहेच की, पहिली पाळी, दुसरी पाळी. त्यानं सॉफ्टवेअरचं आणि त्याच्या मोबाइल ॲपचं नाव ठेवलं 'पाळी'. छान गुलाबी रंगाचं चिन्ह केलं, कारण बाकी सगळ्यांची निळी असतात. आणि कुणालाही न विचारता सकाळी फेसबुकवर पैसे भरून जाहिरात सोडली: 'पाळीची चिंता सोडा! कुणाची पाळी कधी, आता मोबाइलवर कळेल.'

दुपारपर्यंत डाउनलोडचा आकडा असा पळत सुटला, की तो खुर्चीतून उठून अंगणात गेला आणि परत येऊन बसला. महाराष्ट्रातले सगळे ठेकेदार एकदम जागे झाले म्हणायचे! मग पहिला मेसेज आला.

'माझी तारीख दर महिन्याला मागेपुढे होते. ती कशी भरायची?'

त्यानं तो दोनदा वाचला. दुसरा आला: 'यात दिवस राहिल्याचं कळतं का?' तिसरीनं विचारलं होतं, 'गेटपास म्हणजे काय हो ताई?'

तेवढ्यात मोनिकाताईचा फोन आला. पलीकडून नुसतं हसू येत होतं. "आरं इंद्या... आरं बाबा... माझ्या दुकानातल्या पोरीनं डाउनलोड केलं तुझं... तिला विचारतंय, तुमचा सुपरवायझर कोण!"

इंद्रजीतचे कान तापले. पाठोपाठ मामांचा फोन. "प्लांटमधली पोरं हसत्यात मला. म्हणत्यात, मामा, तुमची पाळी कवा? आरं, हितं सगळी शिफ्टच म्हणत्यात. पाळी कोन म्हणतं? काढ ते पयलं!"

त्यानं जाहिरात लगेच बंद केली. ॲपही काढून टाकावं, फोन बंद करून शेतात जाऊन बसावं, असं त्याच्या मनात आलं. पण ताईनं परत फोन केला. या वेळी ती हसत नव्हती.

"काढू नकोस. लॅपटॉप घे आन् हिकडं ये."

तो गेला. ताईनं त्याला गल्ल्याशेजारी बसवलं. "दुकानात चुकून आलेल्या बाईला आपण हाकलून देतो का? पाणी विचारतो. प्रत्येकीला उत्तर लिही. काय झालं ते खरं सांग."

मग त्यानं लिहायला घेतलं. ताई, माझी चूक झाली. हे कामाच्या शिफ्ट लावायचं सॉफ्टवेअर आहे. नाव ठेवताना मी कुणाला विचारलं नाही. तुम्हाला त्रास झाला, माफ करा. सुरुवातीला त्याला बोटं जड वाटत होती. पण उत्तरं यायला लागली तशी भीड चेपली. कुणी हसण्याची चित्रं पाठवली. कुणी म्हणालं, भाऊ, आधी घरातल्या बाईला विचारत जा. एकीनं तर गावजेवणाचं आमंत्रण दिलं. शिव्या दोघी-तिघींनीच दिल्या, त्यांनाही त्यानं उत्तर लिहिलं. एवढ्या अनोळखी माणसांशी तो आयुष्यात कधी बोलला नव्हता.

त्यातच बार्शीहून एक मेसेज होता. 'मी साधना, इथल्या एका हॉस्पिटलमध्ये इन्चार्ज सिस्टर आहे. ॲप दुसऱ्याच कामासाठी घेतलं होतं. पण हे शिफ्टचं असेल, तर आमच्या नर्सेसच्या ड्युट्या यात लागतील का?'

इंद्रजीत उडालाच. "ताई, सगळं बसतंय! मी त्यांना आत्ता फीचरची यादी पाठवतो, चेहऱ्यावरून हजेरी—"

"यादी गेली खड्ड्यात. फोन लाव. आन् तू कमी बोल."

फोन लागला. इंद्रजीतनं फक्त विचारलं, "सिस्टर, तुम्ही ड्युट्या आत्ता कशा लावता?" मग साधना सिस्टर बोलत राहिल्या. दर रविवारी घरी बसून ड्युटी लावायची. एकीला नाइट नको असते, तिचं बाळ लहान. दुसरी म्हणते, मलाच दर खेपेला नाइट. लावून झालं की कुणीतरी आपसांत बदलतं आणि सांगत नाही, आणि मग वॉर्डात एकाच वेळी दोघी हजर, नाहीतर एकही नाही. "माझा रविवार जातो हो, आणि सोमवारी सगळ्यांची तोंडं वाकडी," त्या म्हणाल्या.

इंद्रजीतनं ते वाक्य तसंच्या तसं लिहून घेतलं.

पुढचे काही दिवस त्यानं कोड लिहिला, पण या वेळी वाढवण्याऐवजी काढत गेला. गेटपास काढला. चेहऱ्याची हजेरी काढली, जिच्यावर त्याचा सगळ्यात जीव होता. नाइट सगळ्यांना सारखी वाटायची सोय केली. ड्युटी बदलायची तर दोघींनी आपापल्या मोबाइलवर हो म्हणायचं आणि ते सिस्टरना लगेच कळायचं, असं केलं. मामांसाठी जुनं सॉफ्टवेअर वेगळं चालू ठेवलं.

ताईच्या दुकानातून व्हिडिओ कॉलवर दाखवून झाल्यावर सिस्टर म्हणाल्या, "छान आहे. आधी महिनाभर असंच वापरतो, मग पैशाचं बघू."

आधीचा इंद्रजीत 'हो हो, चालेल' म्हणाला असता. समोर ताई साड्यांच्या घड्या घालत होती, तिनं मान वर केली नाही. त्यानं किंमत सांगितली. आवाज जरा चिरकला, पण सांगितली. "पैसे आधी घेतो, सिस्टर. महिनाभरात तुमचा रविवार मोकळा झाला नाही, तर सगळे परत देतो. कारण विचारणार नाही."

मग सिस्टर म्हणाल्या, "बोलता स्पष्ट. डॉक्टरांना सांगते." संध्याकाळी पैसे आले.

महिना संपण्याच्या आत सिस्टरनीच आपणहून, रविवार मोकळा झाल्याचं सांगणारा स्वतःचा व्हिडिओ काढून पाठवला. इंद्रजीतनं वेबसाइटचं नवं पान केलं. नाव ठेवलं 'ड्युटी', कारण सिस्टर तोच शब्द म्हणत होत्या. नाव आधी ताईला, मामांना आणि आईला मोठ्यानं म्हणून दाखवलं. पानावर सगळ्यात वर सिस्टरचंच वाक्य होतं: 'तुमचा रविवार ड्युट्या लावण्यात जातो आणि सोमवारी सगळ्यांची तोंडं वाकडी?' खाली त्यांचा व्हिडिओ आणि त्याचा फोन नंबर. बास.

अकलूजहून फोन आला, मग लातूरहून. काहींनी घेतलं, काहींनी नाही. ज्यांनी घेतलं नाही त्यांना तो न रागावता 'का' विचारायचा आणि त्यातलं एखादं वाक्य पानावर चढवायचा. उसाला दारं धरून पाणी देणारे आप्पा आता बांधावर चाललेलं त्याचं फोनवरचं बोलणं ऐकत थांबायचे.

एका दुपारी फोन आला, तो दौंडहून. डॉक्टर सुलक्षणा म्हणून होत्या, त्यांचं स्वतःचं हॉस्पिटल. "बार्शीच्या सिस्टरचा व्हिडिओ बघितला. तुमचं ऑफिस कुठं, पुण्यात का?"

"केडगावात, मॅडम, तुमच्या शेजारीच. येऊ का आत्ता?"

त्या हसल्या. "या की."

तो गाडी काढून गेला. मॅडमनी सगळं बघितलं, दोन अवघड प्रश्न विचारले आणि मग खुर्ची पुढं ओढली. "एक करा. यातच बिलिंग टाकून द्या. आणि औषधांचा स्टॉक. मग मी लगेच घेते."

इंद्रजीतला बिलिंग लिहिता आलं असतं. कसं लिहायचं हेसुद्धा डोक्यात फिरून गेलं.

"नाही मॅडम," तो म्हणाला. "ते करणारे दुसरे चांगले लोक आहेत, नावं देतो. मी ड्युटी लावतो. तेवढीच लावतो, पण तुमच्या वॉर्डात नर्स नाही असं होऊ देत नाही."

मॅडमनी त्याच्याकडं बघितलं, मग टेबलावरची बेल दाबून हेड नर्सला बोलावलं. "सोजरबाई, हे इंद्रजीत. यांना तुमच्या पुढच्या आठवड्याच्या ड्युट्या सांगा."

सोजरबाईंनी ओढणीनं चष्मा पुसला आणि संशयानं लॅपटॉपकडं बघितलं. "सांगते. पण माझी चुलत नणंद हितंच नर्स हाय आन् तिला मी नाइट लावली की ती घरी येऊन भांडती. त्याचं हाय का काय तुमच्याकडं?"

"आहे," इंद्रजीत म्हणाला आणि खुर्ची त्यांच्याजवळ सरकवून बसला. "पहिलं तिचंच नाव सांगा."