पांढऱ्या उजेडातली पोळी

“मच्छिंद्रा, यावर तुझाच काय, अख्ख्या मांजरी गावात कुणाचाही विश्वास बसणार नाही,” मी म्हणालो.

सोसायटीच्या बाकावर सरकून शेजारच्या मच्छिंद्रने मला जागा दिली. “रावसाहेब, तुमच्यावर कुणाचा इस्वास हाय तरी का? सांगा.”

या टोमण्यावर मी चिडलो नाही. चिडायला आधीच पुष्कळ होतं.

गेल्या महिन्यात आमच्या स्वयंपाकघरातला दिवा गेला आणि नवा एलईडी बल्ब आला. कुणी आणला ते महत्त्वाचं नाही. बरं, मीच आणला. एका खोक्यावर तीन हजारांचा आकडा, दुसऱ्यावर साडेसहा हजार, आणि किंमत तीच. मोठा आकडा घ्यावा, एवढा व्यवहार मला कळतो. तो आकडा उजेडाच्या रंगाचा असतो, हे कुणाला ठाऊक! घरी लावला तर उजेड असा पांढराफटक, की ओट्यावरची कोथिंबीरसुद्धा आजारी दिसायला लागली.

त्याच दिवसापासून आमच्या हिच्या, कौशल्येच्या पोळ्या करपू लागल्या. चाळीस वर्षांत जिची एक पोळी वाया गेली नाही, तिच्या! सूनबाई रुपालीने दोन दिवस करपलेल्या कडा काढून खाल्लं. तिसऱ्या दिवशी साखर घोळून म्हणाली, “आई, तुम्हाला आता नीट दिसत नाही. सोमवारपासून पोळ्यांना बाई येतील.”

कौशल्येने लाटणं धुतलं, पुसलं आणि ड्रॉवरच्या तळाशी ठेवून दिलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“डोळे तिचे नाही गेले, त्या दिव्याचे गेलेत!” मी ओरडलो. कुणी ढुंकून पाहिलं नाही. म्हाताऱ्याचं ओरडणं म्हणजे कुकरची शिट्टी. तीन झाल्याशिवाय उठायचं नाही.

मग मी डबा भरला. एक पोळी कच्ची, एक नीट भाजलेली, एक करपलेली. बस पकडली आणि थेट बुधवार पेठेतला विजेच्या सामानाचा बाजार गाठला. दुकानात दत्तप्रसाद म्हणून एक तिशीतला मालक बसला होता. जीभ विळीसारखी.

“डब्यात काय आहे?”

“पोळ्या.”

“इथे बल्ब मिळतात. भाजीचं शेजारी बघा.”

“बल्बच घ्यायचाय. पोळीवर उजेड पाडून.”

“आजोबा, आम्ही बल्ब लावून दाखवतो. पान वाढत नाही.”

मी काउंटरवर अशी मूठ आपटली की वरचे पंखे सुरू झाले. “शटर ओढ! नाहीतर इथेच उपोषणाला बसतो!”

ओढलं त्याने. सगळे दिवे घालवले आणि होल्डरला साडेसहा हजारवाला लावला. मी तिन्ही पोळ्या मांडल्या. “तुझे डोळे तरुण आहेत ना? मग सांग, नीट भाजलेली कोणती?”

तो वाकला. “ही कच्ची. हीपण कच्चीच. ही तिसरी बरी आहे.”

“आता पिवळा लाव.”

तीन हजारवाला लागला आणि त्याचं तोंड उतरलं. ‘बरी’ म्हटलेली पोळी कोळसा होती.

“इतक्याशा चुकीपायी माझ्या बायकोच्या हातातलं लाटणं गेलं!” मी गरजलो.

आणि ऐक मच्छिंद्रा, त्या पिवळ्या उजेडात मधली पोळी फुगली!

“फुगली?”

टम्म. वास पार लक्ष्मी रोडपर्यंत गेला. वायर घ्यायला आलेले एक गृहस्थ शटरखालून वाटी सरकवून म्हणाले, “तूप असेल तर बघा.” दत्तप्रसाद माझ्या पाया पडला. मी आशीर्वाद दिला नाही. राग होता.

घरी येऊन स्टुलावर चढलो, बल्ब बदलला आणि म्हणालो, “कौशल्या, काढ लाटणं!” तिने अठरा पोळ्या केल्या. एकीला डाग नाही. रुपालीने तिथल्या तिथे त्या बाईंना फोन केला, येऊ नका म्हणून. आणि मग एकटीने अकरा पोळ्या खाल्ल्या. अकरा!

“अकरा?”

मागे वळून पाहतो तर हातात हेल्मेट घेऊन रुपाली उभी. ऑफिसातून नुकतीच आलेली, लालबुंद.

“बाबा, धडधडीत खोटं! चार खाल्ल्या मी. पाचवी मागितली, ती आईंनी दिली नाही!”