सगळ्यांच्या दारात उभी राहिलेली गाडी

मी एक जुनी कॅम्परव्हॅन आहे, मित्रांनो, आणि मला भयंकर राग आलेला आहे. शाळेच्या पुस्तकात तुम्ही छत्रीचं, खुर्चीचं, फुटक्या आरशाचं आत्मवृत्त वाचलं असेल. ती सगळी बिचारी फार सोशिक. मी तशी नाही. माणसांनी डोंगरात जाऊन माझ्या पोटात झोपावं म्हणून मला बनवलं, आणि मी इंग्लंडातल्या लीड्समध्ये एका घरापुढच्या ड्राइव्हवेवर उभी राहून म्हातारी झाले. इथून डोंगर किती लांब आहेत, ठाऊक आहे? दोन तास! माझी चेसिस गंजली आहे, उद्या मला भंगारात नेणार आहेत, आणि कालपर्यंत मी एक डोंगर पाहिलेला नव्हता. मग रागावू नको तर काय करू?

जन्माला आले ती सामानाची व्हॅन म्हणून. पत्रा दाबला, रंग मारला, दार दोनदा आपटून पाहिलं, झाला जन्म. पहिली नोकरी लेस्टरला, बेलग्रेव्ह रोडवरच्या एका फरसाणवाल्याकडे. गाठिया, चेवडा, मोहनथाळ वाहून वाहून हिंगाचा वास पत्र्यात असा मुरला की अजूनही चुकूनमाकून ऊन पडलं की तो वर येतो. मग फरसाणवाल्यानं नवी गाडी घेतली आणि मला एका गोऱ्या सुताराला विकून टाकलं. त्या सुतारानं मला माणसांत आणलं. खिडक्या कापल्या, छताला लाकडी फळ्या ठोकल्या, एका कोपऱ्यात शेगडी आणि वाटीएवढं सिंक बसवलं, मागे घडीचा पलंग केला. काम संपल्यावर स्वतः त्या पलंगावर आडवा झाला आणि छताकडे बघत म्हणाला, "यू विल सी सम प्लेसेस, गर्ल." त्या एका वाक्यावर मी पुढची सगळी वर्षं काढली.

मला विकत घेतलं डॉक्टर पद्माकर आणि त्यांच्या पत्नी प्रमोदिनीताई यांनी. डॉक्टर इथल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होते. ताई शाळेत विज्ञान शिकवायच्या. माझ्यावर जीव होता तो ताईंचाच. त्यांनी आपल्या जुन्या इरकलीचे पडदे शिवून माझ्या खिडक्यांना लावले. कुठल्याशा कॅलेंडरवर त्यांनी यॉर्कशर डेल्समधला बटरटब्जचा घाट पाहिला होता. तिथं रस्त्याच्या कडेला चुनखडीचे खोल खड्डे आहेत. बाजाराला निघालेले शेतकरी उन्हाळ्यात त्या खड्ड्यांत लोणी गार ठेवायचे, असं सांगतात. ताईंना ते फार आवडलं.

"लोण्याचा घाट," त्या म्हणायच्या. "अहो, मला तिथं एकदा या गाडीत निजायचंय. सकाळी उठून आपल्यापुरता चहा करायचा. आणि दिवसभर कोणालाही 'या, बसा' म्हणायचं नाही."

बस, एवढंच मागणं होतं. सोनं नाही, नाणं नाही, चहा!

स्वयंपाकघराची खिडकी माझ्या पुढच्या काचेसमोरच आहे, त्यामुळे दरवर्षीचं बेत ठरवणं मला बसल्या जागी दिसायचं. मे महिना आला की ताई टेबलावर नकाशा पसरायच्या. स्किप्टन, रिबलहेडचा तो उंच पूल, हॉज गाव, तिथून घाट चढायचा, एक रात्र वर काढायची, मग पलीकडे उतरून लेक डिस्ट्रिक्टकडे. काय देखणा रस्ता आखला होता! ऐकतानाच माझ्या टायरांना खाज सुटायची. आणि मग डॉक्टर चष्मा पुसत विचारायचे:

"पण तिथं आपलं कोण आहे?"

मित्रांनो, या प्रश्नानं माझं आयुष्य खाल्लं. डोंगरात आपलं कोणी नाही, म्हणजे तिथं जायचं कशाला? मग डॉक्टर फोन उचलायचे. लेस्टरचे जयंतराव आणि सीमाताई हे त्यांचे जुने दोस्त. तिकडून ठरलेलं उत्तर यायचं, "अरे, गाडी काढताच आहात तर वाटेत आमच्याकडे या की!" वाटेत? डोंगर उत्तरेला आणि लेस्टर दक्षिणेला! कुठल्या नकाशात ते वाटेत येतं? पण आपल्या लोकांच्या नकाशात ओळखीचं घर नेहमी वाटेतच असतं. लेस्टरला गेलं की ताईंची केंब्रिजला राहणारी मुलगी रुसायची, म्हणून केंब्रिज. तिथून कोणाच्या भाच्याची मुंज, कोणाच्या घराची वास्तुशांत. सुट्टी संपायची आणि आम्ही परत लीड्सला.

बरं, तिथं तरी माझ्या पलंगावर झोपतील? छे! "गाडीत कसले झोपता, लोक काय म्हणतील, घरात या." मी बाहेर दारात उभी. सगळे येऊन माझं कौतुक करायचे, दार उघडून बघायचे, शेगडीचं बटण फिरवायचे, फोटो काढायचे. "काय मस्त गाडी आहे हो! मज्जा आहे बुवा तुमची." त्यानंतर पलंगावर काय ठेवायचे? पुरणाचे डबे. प्रेशर कुकर. लेस्टरहून आणायचे गणपती, तेही इथल्या बारा घरांचे. डॉक्टरांनी आयुष्यभर हजारो लोकांना झोपवलं, पण माझ्या पलंगावर स्वतः एकदा पाठ टेकली नाही. इंग्लंडमधल्या झाडून सगळ्या मराठी घरांचे ड्राइव्हवे मी पाहिलेत. त्यांपैकी एकही चढाचा नव्हता.

वर्षं गेली. डॉक्टर निवृत्त झाले. माझ्या खिडक्यांच्या रबरात शेवाळ धरलं, खालून गंज चढला. धुवायला कोणाला वेळ नव्हता. आणि मग डॉक्टरांच्या डाव्या हाताला कंप सुरू झाला. पार्किन्सन्स. इथं गिअर डाव्या हाताला असतो, हे लक्षात ठेवा. डॉक्टरांनी आपणहून ठरवलं की या महिन्याअखेर लायसन्स परत करायचं. ताईंचं लायसन्स फक्त ऑटोमॅटिकचं. माझ्या गिअरच्या दांड्याला हात लावायची त्यांना परवानगी नाही. केंब्रिजची मुलगी आश्लेषा इथंच जन्मलेली. ती फोनवर म्हणाली, "आई, तो गाडी आता स्क्रॅप कर ना. मी बुक केलाय. मंडेला ते येतील." तो गाडी! निदान मरताना तरी मला बाई म्हणा.

म्हणजे उरला कालचा शनिवार. ताई म्हणाल्या, "आज नाही, उद्या नाही. शनिवारी घाट. संपलं." डॉक्टरांनी होकाराची मान हलवली. आणि गुरुवारी सीमाताईंचा फोन आला. तो घ्यायला ताई माझ्यात येऊन पलंगावर बसल्या होत्या, म्हणून मी शब्दन् शब्द ऐकला.

"प्रमोदिनी, शनिवारी इकडे या. ताजा अळू मिळालाय. फदफदं करते."

"अगं, शनिवारी आम्ही..."

"नाही बिही चालणार नाही! गाडी जायच्या आधी एकदा शेवटची चक्कर मारा आमच्याकडे. डॉक्टरांशी बोलले मी, ते हो म्हणालेत. एक रात्र इथं, मग जा कुठं जायचं ते."

ताईंचा चेहरा मला समोरच्या आरशात दिसत होता. बुडणारा माणूस हाताला लागेल ते धरतो, तसं त्यांनी धरलं.

"सीमा, आम्हाला सुतक आहे. ह्यांचे चुलतकाका गेले वाईला."

फोन ठेवला तर दारात डॉक्टर उभे. "कोण गेलं? कोणते काका?"

"असतील एखादे. तुमच्याकडे काकांना काय तोटा आहे?"

"अगं, जिवंत माणसाला..."

"दहा दिवस आपल्याला कोणी जेवायला बोलावणार नाही," ताई म्हणाल्या. "माझ्याकडे दुसरा उपाय नाही हो! आयुष्यभर 'नाही' म्हटलं, कोणी ऐकलं का? मढ्याचं तरी ऐकतील."

हुशार बाई, विज्ञान शिकवणारी, पण सुतकाची दुसरी बाजू विसरली. सुतक असलेला माणूस कोणाकडे जात नाही, खरं. पण सगळं गाव त्याच्याकडे येतं!

शनिवारी सकाळी आम्ही निघालो. पाण्याचा कॅन भरला, चहापत्ती, दूध, दोन कप. डॉक्टरांनी औषध घेतलं, किल्ली फिरवली आणि मी पहिल्या फटक्यात सुरू झाले. इतकी वर्षं कुरकुरले असेन, पण काल नाही. आणि तेवढ्यात मागे एक गाडी येऊन थांबली. आतून उतरल्या सीमाताई, पांढरी साडी, हातात पिठलं-भाताचा डबा. मागून जयंतराव, चेहरा पाडून. लेस्टरहून भेटायला आले होते. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून.

सीमाताईंनी पाहिलं. इंजिन चालू. डॉक्टरांच्या डोक्यावर टोपी. ताईंच्या गळ्यात दुर्बीण.

"काकांना बघायला दुर्बीण लागते का गं?"

मग ताईच बोलल्या, आणि काय बोलल्या!

"कोणी मेलं नाही, सीमा. मी मरतेय. तुमच्या अळूनं, तुमच्या 'वाटेत या'नं. मला एक डोंगर बघायचा होता. ह्यांचा हात जायला लागलाय, गाडी भंगारात चाललीय, मग मी कोणाबरोबर जाऊ?"

सीमाताई लालबुंद झाल्या. "माझ्या घरचं जेवून आता मला ऐकवतेस?" जयंतराव मधे पडले, "सीमा, गाडी बाजूला घे. डॉक्टर, निघा तुम्ही." सीमाताईंनी डबा माझ्या पलंगावर आपटला. "घ्या! आणलाय तो खा. आणि घराची किल्ली दे इकडे. पहाटे उठून आलोय, चहा तरी करून पिते तुझ्या घरात."

असे आम्ही निघालो. स्किप्टन गेलं. रिबलहेडचा पूल आला आणि धुक्यात अर्धा नाहीसा झाला. हॉज सोडलं आणि मित्रांनो, चढ लागला. म्हाताऱ्या इंजिनाला चढ म्हणजे काय, ते तुम्हाला कळणार नाही. सगळा जीव मागे ओढला जात होता, आणि मला आनंदानं ओरडावंसं वाटत होतं.

अर्ध्या घाटात दुसऱ्या गिअरवरून पहिल्यावर यायचं होतं. डॉक्टरांनी क्लच दाबला, हात दांड्यावर ठेवला, आणि हात ऐकेना. नुसता थरथरत राहिला. मी मागे सरकू लागले. एका बाजूला दरी. डॉक्टरांनी ब्रेक मारला, तो लागला. उपकार त्या ब्रेकचे. त्यांच्या कपाळावर घाम होता. ताईंनी आपला उजवा हात त्यांच्या हातावर ठेवला आणि दोघांनी मिळून दांडा ढकलला. लायसन्स गेलं खड्ड्यात. दोन हातांच्या एका गिअरवर मी तो घाट चढले.

वर रस्त्याच्या कडेला थोडी जागा होती, तिथं थांबलो. समोर काय होतं? धुकं. नुसतं पांढरं. दोन मेंढ्या आणि पांढरं. डॉक्टरांनी हात मांडीवर घेतला, लहान मूल घ्यावं तसा, आणि रडायला लागले. "मला खाली नेता येणार नाही गं. उतरताना तर मरू दोघं. आणि इथं आपलं कोण आहे?"

तोच प्रश्न. पण या वेळी मला त्यांचा राग आला नाही. मी रागीट आहे, निर्दय नाही.

ताईंनी फोन काढला. रेंजची एक काडी होती. लीड्समधल्या आपल्याच घरी फोन लावला.

"सीमा, ह्यांचा हात चालत नाहीये. आम्ही घाटात अडकलोय."

पलीकडून सीमाताई फणकारल्या, "सुतकवाल्यांकडे आम्ही जात नसतो." पण लगेच, "कुठं आहात? थांब, जयंत लिहून घेतोय. तो तुमची गाडी आणेल, मी आमची. दोन तास लागतील म्हणतो. हलू नका तिथून. आणि पिठलं खा, निवलं की दगड होतं."

ताईंनी डॉक्टरांकडे पाहिलं, माझ्या फळ्यांच्या छताकडे पाहिलं, पांढऱ्या काचेकडे पाहिलं. आणि म्हणाल्या, "सावकाश या, सीमा. घाई करू नका."

मग त्यांनी पलंग उघडला. बिजागऱ्या किंचाळल्या, पण उघडल्या. शेगडी पेटली. चहा झाला, दोनच कप. पिठलं-भात झाला. डॉक्टर आडवे झाले आणि हात हळूहळू शांत होत गेला. झोपेत हा कंप थांबतो, ते डॉक्टरांनीच एकदा सांगितलं होतं. ताई दुर्बीण घेऊन खिडकीशी बसल्या. बराच वेळ काही नव्हतं. मग धुक्याला एक भोक पडलं आणि खाली हिरवं खोरं, दगडी कुंपणं, वर काळसर उभा डोंगर. थोडाच वेळ. पण मी पाहिला. माझ्या दोन्ही दिव्यांनी पाहिला.

मित्रांनो, आता मी तुम्हाला उपदेश करणार, आणि तो गोड नाही. गाडीला पुसूनबिसून, कौतुक करून दारात उभी ठेवू नका, तिला चालवा. आईनं एखादी जागा दोनदा सांगितली, तर तिसऱ्यांदा सांगायची वेळ आणू नका. माणसं धरून ठेवा, अडल्यावर तीच धावतात, हे मी काल पाहिलं. पण त्यांच्या दारात सगळा जन्म घालवू नका. हात थरथरायला लागल्यावर नकाशा उघडाल, तर धुकंच मिळेल. उद्या माझा पत्रा चेपतील. तेव्हा त्यातून हिंगाचा वास येईल आणि थोडा चहाचा.

आणि हो, शेवटचं राहिलं. दोन तास झाले, खालच्या वळणावर जयंतरावांची गाडी दिसली. ती मी पाहिली, ताईंनीही पाहिली. डॉक्टर अजून झोपले होते. ताई उठल्या, आणि त्यांनी इरकलीचा पडदा हळूच ओढून घेतला.