नाकाशी धरलेली नळी

दुसरी मोठी लढाई संपली आणि भिकुबाईचा एकुलता एक सुकदेव पलटणीतून दोंडाईच्याला परतला. सोबत पत्र्याची पेटी, अन् पेटीत बोटाएवढ्या नळ्या. नाक चोंदलं की हुंगायच्या म्हणे. पण याचं नाक चोंदलेलं कुणी कधी पाहिलं नाही. हा नळी हुंगायचा, कधी फोडून आतली कागदाची घडी चहाबरोबर गिळायचा, आणि मग न जेवता दिवसभर वरातीत नाचायचा, गावाला हसवून हसवून लोळवायचा. पलटणीनं गडी तयार केला, असं गाव म्हणे. भिकुबाईला तर आभाळ ठेंगणं झालं होतं.

भावकीतल्या हळदीला नाचता नाचताच तो कोसळला. दातखीळ बसली, डोळे फिरले, तो हातपाय झाडू लागला. बायांनी कांदा फोडून नाकाशी धरला. फेफरं म्हटलं की कांदा नाहीतर पायताण. आपल्याकडे तिसरं औषध ठाऊक आहे कुणाला? कांद्यानं काही होईना. मलूल पडलेला सुकदेव नळी हुंगून टुणकन उठतो, हे भिकुबाईनं कितीदा पाहिलेलं. ती धावत घरी गेली, नळी आणली, नाकाशी धरली. जरा वेळानं झटके थांबले. ते आपोआपच थांबायचे होते, पण त्या माउलीला हे कोण सांगणार?

तेव्हापासून नळी तिच्या कमरेच्या पिशवीत आली. झटका आला की नाकाशी. नाही आला तरी ती आठवणीनं द्यायची, "हुंग रे बाप, औषध शे." झटके वाढत गेले. उजवा हात लुळा पडला, जीभ अडखळू लागली. बिचारी आणखी नेमानं देऊ लागली.

शेवटी तिनं त्याला धुळ्याला नेलं. डॉक्टरांनी नळी उलटसुलट करून पाहिली.

"ही याला कोण देतं?"

"मीच देस," ती अभिमानानं म्हणाली.

"अक्का, हिच्यात चेव आणणारं औषध आहे, झटके त्यामुळेच येतात. मेंदूला इजा झालीय."

"पन मना आंडोर, मना सुकदेव नीट व्हई ना, भाऊ?"

डॉक्टरांनी नळी आपल्या टेबलाच्या खणात टाकली.

बाहेर बाकावर सुकदेवचं तोंड वाकडं होऊ लागलं. पुढचं काय ते त्यालाही कळत होतं. "माय... नळी..." तो कसाबसा म्हणाला. भिकुबाईचा हात सवयीनं कमरेला गेला. पिशवी रिकामी होती.

"आते तुना नाकले काय धरू रे, बाप?" म्हणत तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, आणि झटके थांबायची वाट पाहत बसली.