न सांगितलेला खाडा

माझ्या खानावळीच्या भिंतीवर एक पाटी आहे. ‘खाडा आदल्या रात्री सांगावा. न सांगितल्यास पैसे पूर्ण घेतले जातील. वाद घालू नये.’ म्हणजे जेवायला येणार नसाल तर आधी सांगा, तेवढ्या दिवसांचे पैसे मी कापते. न सांगता गायब झालात तर जेवलात असं धरते. हडपसरात खानावळ चालवायची तर जिभेला धार हवी. माझ्या जिभेला ती जन्मतःच आहे.

मंदीच्या वर्षी मात्र ती पाटी कुणी वाचली नाही. मीही नाही. खराडीच्या कंपन्यांनी पोरांना घरी बसवलं. नोकरी गेली म्हणून भूक थोडीच जाते? माझे मेंबर दारात चपला काढताना घुटमळायला लागले. मी म्हणायचे, “आत या. दारात उभं राहून पोट भरत नाही.” पैशांचं नंतर बघू म्हणत सगळ्यांना वाढत राहिले. पोळ्या लाटणाऱ्या कांताबाई म्हणायच्या, “प्रेमलाताई, लष्कराच्या भाकऱ्या भाजताय.” “तुम्ही लाटा, मी भाजते,” मी म्हणायचे.

वाणी आणि गॅसवाला दारात येऊन उभे राहतात, म्हणून त्यांचं भागवलं. पाणीपट्टीचं बिल बिचारं तोंड उघडत नाही. ते मागे पडत गेलं आणि त्यावर दंड चढत गेला. पुढे काही पोरांनी येऊन उधारी फेडली, ती डाळ-तांदळात गेली. काही गावाकडे गेले ते गेलेच.

भंडाऱ्याचा सुदर्शन त्यातलाच. एका सकाळी न सांगता निघून गेला. पैशांचं मला काही नव्हतं हो. पण रात्री त्याच्यासाठी वरण बाजूला काढून ठेवलं होतं मी. ‘येतो काकू’ एवढं म्हणायला काय जात होतं?

वर्ष होत आलं आणि दारावर नोटीस चिकटली. शुक्रवारपर्यंत थकबाकी भरा, नाहीतर नळ तोडू. नळ गेला की खानावळ गेली, आणि खानावळ गेली तर या वयात मी कुणाच्या दारी जाऊ? गेले पाणीपट्टीच्या कचेरीत. तिथले अनिरुद्ध साहेब “बसा” म्हणाले. पुण्यात सरकारी खुर्चीवरून कुणी बसा म्हटलं की मला आधी संशय येतो. पण माणूस भला निघाला. दंडात सवलत मिळावी म्हणून त्यांनी स्वतः अर्ज लिहून दिला. म्हणाले, “निम्मे भरा, उरलेल्याचे हप्ते करून देतो.” एवढं कोण करतं? पण निम्मे तरी कुठून आणायचे?

“मेंबरांना सांगा की,” कांताबाई म्हणाल्या.

“मी वाढते. हात पसरत नाही,” मी म्हणाले.

गुरुवारी संध्याकाळी दारात कुणीतरी नोटीस वाचत उभं होतं. सुदर्शनच.

“जिवंत आहेस म्हणायचा,” मी म्हणाले आणि ताट वाढलं.

तो मान खाली घालून जेवला. मग म्हणाला, “शरम वाटत होती काकू. खिशात काही नव्हतं, तुम्हाला तोंड कसं दाखवू? आता खराडीत परत नोकरी लागली. माझा हिशोब करा न.”

“गेलास तोवरचं दे.”

“आणि त्यानंतरचं?”

“त्यानंतर तू होतास कुठे इथे?”

“मी खाडा सांगितला होता का?”

त्याने उष्ट्या हाताने पाटी दाखवली. “न सांगितल्यास पूर्ण. वर्षभराचं धरा.”

“गाढवा, न खाल्लेल्या अन्नाचे पैसे घेऊ मी?”

“नियम तुमचाच आहे काकू. त्याच्याखाली अजून एक ओळ आहे.”

ती ओळ मला वाचायची गरज नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्याच पाटीपुढे हरले, आणि देवाशपथ सांगते, इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

शुक्रवारी निम्मी थकबाकी भरली. अनिरुद्ध साहेबांनी हप्ते बांधून दिले आणि विचारलं, “मुलाने दिले का?”

“मेंबर आहे माझा,” म्हटलं, आणि तिथेच रडू फुटलं. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

शनिवारी नळाला नेहमीसारखं पाणी आलं. पिंप भरेपर्यंत मी उगाच तिथे उभी राहिले. कांताबाई म्हणाल्या, “नळ पळून जाणार नाही आता, भाजी लागतेय बघा.”

रात्री हात धुताना सुदर्शनने हाक मारली, “काकू, उद्या माझा खाडा. मावशीकडे जातोय.”

“बरं झालं सांगितलंस,” मी म्हणाले.